पासवर्ड बरोबर, तरी की उघडत नाही

प्रश्न : पासवर्ड घातलेली आरएसए खाजगी की (आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीची गुप्त किल्ली असलेली फाइल) ओपनएसएसएल हे एन्क्रिप्शनचं साधन उघडतं, पण आमचा जावा प्रोग्राम नाकारतो. का?

उत्तर : फाइलची पहिली ओळ बघा. तिथे ‘बिगिन आरएसए प्रायव्हेट की’ आणि खाली ‘प्रॉक-टाइप: ४,एन्क्रिप्टेड’ असेल, तर साठवण जुन्या पद्धतीची आहे. जावाच्या मूळ लायब्ररीला पीकेसीएस-८ हे खाजगी की साठवण्याचं प्रमाणित स्वरूप लागतं. त्यात पहिली ओळ ‘बिगिन एन्क्रिप्टेड प्रायव्हेट की’ असते. शिवाय जुन्या पद्धतीत पासवर्डवर एमडी५ या जुन्या हॅश गणिताची जेमतेम एक फेरी होते, म्हणजे पासवर्ड ताडून बघणाऱ्याला रान मोकळं. तेव्हा रूपांतर कराच : ओपनएसएसएलचा ‘पीकेसीएस८’ आदेश, सोबत ‘टॉपीके८’, ‘व्ही२ एईएस-२५६-सीबीसी’ (एन्क्रिप्शनची पद्धत) आणि ‘आयटर ६०००००’ (फेऱ्यांची संख्या) हे पर्याय. ‘आयटर’ विसरलात तर २०४८ फेऱ्यांवरच भागवलं जातं. पासवर्ड मात्र आदेशातच टाइप करू नका, तो शेलच्या (आदेश टाइप करतो त्या प्रोग्रामच्या) हिस्टरीत पडून राहतो.