‘शॉर्टसर्किट कुणी बघितलं?’ असं विचारणाऱ्या पोरीनं काय शिकावं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वडिलांचं पत्र आलंय, थोडक्यात देते. “ताई, मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, बायको विड्या वळते. मुलगी यंदा बारावी सायन्सला. मागच्या वर्षी मेहुण्याचं सुताचं गोडाऊन रात्री जळालं, पंचनाम्यात एकच ओळ लिहिली, शॉर्टसर्किटने आग. मुलगी म्हणाली, मामा तर रोज मेन स्विच बंद करून जातो, मग शॉर्टसर्किट कुणी बघितलं? तेव्हापासून आग कशी लागली ते शोधायचंच शिकणार म्हणते. गणित सोडणार म्हणते, फॉरेन्सिकला लागत नाही असं कुणीतरी सांगितलंय. एक इन्स्टिट्यूट 45 हजारात सहा महिन्यांत फायर इन्व्हेस्टिगेटर करतो म्हणतंय. मुलीला हे जमेल का, आणि नोकरी लागते का?”

दादा, सगळ्यात आधी ते 45 हजार खिशातच ठेवा. आणि गणित सोडू देऊ नका. ही दोन कामं आजच करा, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

आता पोरीच्या प्रश्नाबद्दल. तिनं जे विचारलं ना, कुणी बघितलं, कशावरून म्हणता, ह्या कामाचा पायाच तो आहे. पण तिला हेही सांगा की मेन बंद होता एवढ्यावरून शॉर्टसर्किट झालंच नाही असंही म्हणता येत नाही, कारण मेन बंद केला तरी मीटरपासून मेनपर्यंतची वायर चालूच असते, तिथं काही झालं असेल का ते बघावंच लागतं. दुसरी शक्यता म्हणजे संध्याकाळी कुणी विडी टाकली असेल आणि सूत आतल्या आत धुमसत राहिलं असेल. कापूस तासन्‌तास धुमसतो, गठाणीच्या पोटात तर दिवसभरसुद्धा, बाहेर ज्वाळा दिसत नाही आणि मग मध्यरात्री भडका उडतो. म्हणजे प्रश्न बरोबर होता पण उत्तर अजून कुणाकडेच नाही, तिच्याकडेही नाही. हे तिला पटलं आणि तरीही शोधावंसं वाटलं तर पोरगी ह्या कामाची आहे असं समजा.

शॉर्टसर्किटचंच घ्या. जळालेल्या वायरच्या टोकाला तांब्याचा गोल मणी सापडतो आणि लोक म्हणतात हे बघा शॉर्टसर्किट. पण आग आधी दुसरीकडे लागली, तिनं वायरचं प्लॅस्टिक जाळलं आणि मग दोन तारा चिकटल्या, तरी तसाच मणी होतो. म्हणजे शॉर्टसर्किटमुळे आग की आगीमुळे शॉर्टसर्किट? मणी एवढंच सांगतो की त्या क्षणी त्या वायरीत करंट होता. बाकीचं आजूबाजूच्या खुणांवरून ठरवायचं. तांबं 1085 डिग्रीला वितळतं, अॅल्युमिनियम 660 लाच, त्यामुळे आगीच्या नुसत्या उष्णतेनं वितळलेली तार आणि स्पार्क होऊन वितळलेली तार ह्यातला फरक ओळखावा लागतो. उलट कुठं स्क्रू ढिला असेल तर तिथं वायर तापत राहते, करंट वाढत नाही म्हणून एमसीबी पडतही नाही, आणि तुम्हाला तर माहितीच आहे लूमवर उडालेली रुई कुठं कुठं जाऊन बसते. हे सगळं समजायला फिजिक्स आणि गणित लागतं हो, म्हणून म्हणते गणित ठेवा.

ह्या कामात चूक झाली तर काय होतं तेही पोरीला कळू द्या. 1990 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल गावी लाइम स्ट्रीटवरचं एक घर जळालं, 6 जण गेले, आणि घरातल्याच माणसावर पेट्रोल टाकून आग लावल्याचा आळ आला, कारण फरशीवरच्या खुणा तशा दिसत होत्या आणि एवढ्या लवकर आग पसरत नाही असं सगळे धरून चालले होते. मग तपास करणाऱ्यांनी शेजारचंच तसलंच रिकामं घर घेतलं, तसंच सामान ठेवलं आणि खरंच पेटवून बघितलं. पेट्रोल न टाकता पाच मिनिटांच्या आत अख्खी खोली एकदम भडकली. ह्याला फ्लॅशओव्हर म्हणतात, छताखाली साठलेला धूर साधारण 500 ते 600 डिग्रीला पोचला की खोलीतलं सगळंच एका दमात पेट घेतं, आणि त्यानंतर फरशीवर ज्या खुणा उमटतात त्या पेट्रोल ओतल्यासारख्याच दिसतात. त्या माणसावरचा खटला मागे घेतला गेला. पण टेक्सासमधल्या कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमच्या बाबतीत असं झालं नाही. 1991 च्या आगीत त्याच्या तीन मुली गेल्या, आग त्यानंच लावली असं ठरलं आणि 2004 मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला, आणि ज्या खुणांवरून ते ठरवलं त्या विज्ञानाला धरून नव्हत्या असं अनेक तज्ज्ञांनी नंतर सांगितलं. त्यातली एक खूण होती काचेला गेलेले बारीक तडे. लई दिवस समज होता की आग फार झपाट्यानं तापली की असे तडे जातात, नंतर प्रयोगात दिसलं की तापलेल्या काचेवर बंबाचं पाणी पडलं की जातात. मला ही गोष्ट सांगतानासुद्धा वाईट वाटतं. पण ह्या कामात ‘मला अनुभवावरून वाटतं’ एवढं पुरत नाही, हे ह्याच्याइतकं दुसऱ्या कशानं कळत नाही. 1992 पासून तिकडं अमेरिकेत आगीच्या तपासासाठी एनएफपीए 921 नावाचं मार्गदर्शक आहे, त्यात हेच सांगितलंय, आधी सगळे पुरावे गोळा करा, मग शक्यता मांडा, मग एकेक तपासून खोडा, आणि काहीच ठरलं नाही तर ‘कारण निश्चित नाही’ असं सरळ लिहा.

आता नोकरी. आपल्याकडे ‘फायर इन्व्हेस्टिगेटर’ अशी पाटी असलेली खुर्ची सहसा नसते, हे काम चार-पाच ठिकाणी वाटलेलं आहे आणि घोळ इथंच होतो, पोरं आधी डिग्री घेतात आणि मग खुर्ची शोधतात. तुम्ही उलटं करा.

पहिली जागा फायर ब्रिगेड. त्यांचं पहिलं काम आग विझवणं, तपास नंतर, आणि मलबा उपसताना निम्मा पुरावा हलतो, तरी कुठलं दार बंद होतं, पहिली ज्वाळा कुठं दिसली हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. नागपूरच्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजात फायर इंजिनिअरिंगची डिग्री होते, बारावीला गणित लागतं, उंची-वजनाची अट असते ती वेबसाइटवर आधी बघून घ्या. आणि मुलीला जमेल का विचारता, तर नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर 2002 मध्ये त्या कॉलेजात गेल्या, तिथल्या पहिल्या मुलगी, देशातल्या पहिल्या महिला फायर इंजिनिअर म्हणून लोक त्यांना ओळखतात. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा हा प्रश्न सोडून द्या दादा.

दुसरी जागा फॉरेन्सिक लॅब, आपल्या राज्याची मुख्य लॅब मुंबईत कलिन्याला. पोलीस ज्याला सीए रिपोर्ट म्हणतात, म्हणजे केमिकल अॅनालायझरचा, तो तिथून येतो. जळक्या मातीत पेट्रोल-रॉकेलचा अंश आहे का ते जीसी-एमएस नावाच्या, मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या मशीनवर बघतात, पण नमुना साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पाठवला तर वाफ पिशवीतून निघून जाते, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा नाहीतर काचेची बरणी लागते. असल्या बारीक गोष्टींवर केस उभी राहते नाहीतर पडते. ह्यासाठी केमिस्ट्री पक्की हवी. फॉरेन्सिकची बीएस्सी संभाजीनगर, नागपूर, मुंबईच्या सरकारी संस्थांत होते, गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे, त्याची एंट्रन्स वेगळी. माझं मत विचाराल तर बीएस्सी साध्या केमिस्ट्रीत करून एमएस्सीला फॉरेन्सिक घेतलं तर जास्त दारं उघडी राहतात. आणि 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आलाय, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याचं कलम 176, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं जागेवर जायलाच पाहिजे असं त्यात आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिलीय. माणसं लागणारच आहेत.

तिसरी जागा विद्युत निरीक्षक, विजेच्या अपघातांची चौकशी करणारं सरकारी खातं, त्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा-डिग्री लागते.

चौथी जागा, तुमच्या मेहुण्यांना जो भेटला असेल तो इन्शुरन्सचा सर्व्हेयर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा. त्याला आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं लायसन लागतं, त्याआधी एक वर्षाचं ट्रेनिंग आणि परीक्षा. सुरुवातीला कामं कमी मिळतात, फी वेळेवर येईलच असं नाही, पण सोलापूरसारख्या सुताच्या गावात आगीतलं खरंच कळणारा सर्व्हेयर असेल तर त्याला काम शोधत जावं लागणार नाही असं मला वाटतं.

घरची परिस्थिती बघून मी तर म्हणेन, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग. जवळच शिकता येईल, होस्टेलचा खर्च वाचेल, निरीक्षक आणि सर्व्हेयर दोन्ही वाटा उघड्या राहतील आणि हे नाही जमलं तरी पोरगी रिकामी बसणार नाही. नागपूरच्या फायर इंजिनिअरिंगला नंबर लागला तर मात्र तिकडं पाठवा, मागं-पुढं बघू नका.

त्या सहा महिन्यांच्या कोर्सवाल्यांना एकच विचारा, ह्या सर्टिफिकेटवर कुठल्या सरकारी जाहिरातीत अर्ज करता येतो, ती जाहिरात दाखवा. परदेशी संस्थांची खरी सर्टिफिकेटं आहेत पण त्यांना आधी कामाचा अनुभव लागतो.

एक गोष्ट आई-वडील म्हणून तुम्ही दोघांनी तिच्याशी बोला. 18 मे 2025 ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या आगीत 8 जण गेले, लहान लेकरूही होतं, आपण सगळे त्या दिवशी सुन्न होतो. हे काम म्हणजे तसल्या जागी दुसऱ्या दिवशी आत जाणं. वास, पडायला आलेलं छत, बाहेर रडणारी माणसं. पोरीला भीती वाटली तर त्यात कमीपणा नाही, लॅबमधलं कामही ह्याच तपासाचं आहे.

बारावीच्या वर्षात फार काही नको. सीएफआयट्रेनर डॉट नेटवर आगीच्या तपासाचे फुकट धडे आहेत, एनआयएसटी ह्या अमेरिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेचे खोली पेटवून बघितलेले व्हिडिओ आहेत, घड्याळ लावून धूर कधी खाली उतरतो ते बघायला सांगा. घरी मात्र काही पेटवून बघायचं नाही. 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो, 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या आठवणीत, त्या आठवड्यात तिला जवळच्या फायर स्टेशनला घेऊन जा, जवान मंडळी मोकळेपणानं बोलतात.

आणि मेहुण्यांना म्हणा, सर्व्हेयरच्या रिपोर्टची कॉपी इन्शुरन्स कंपनीकडे लेखी अर्ज करून मागा. आली की पोरीला वाचायला द्या, हातात पेन्सिल देऊन, आणि जिथं जिथं कारण लिहिलंय पण कशावरून ते लिहिलेलं नाही तिथं खूण करायला सांगा. मग ती कॉपी घेऊन दोघं माझ्याकडे या, फी वगैरे काही नको.