वाचकांचे प्रश्न : दूध टेस्टरसाठी ऑनलाइन कोर्स करायचा आहे, पण कशाचा?

प्रश्न : आमच्या दूध संघाला सुमारे 60 गावच्या संस्था दूध घालतात. संस्थेत लागलेलं फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि संघाच्या डॉकवर, म्हणजे दूध उतरवून घेतो तिथे लागलेलं, यांचा मेळ बसत नाही. संचालक मंडळाने संस्थेत दूध तपासणाऱ्या टेस्टरसाठी 10 तासांचा ऑनलाइन कोर्स करायला सांगितलं आहे. धडे कसे पाडावेत?
— प्रशिक्षण अधिकारी, सहकारी दूध संघ

उत्तर : धडे राहू द्या. तफावत टेस्टरला काम येत नाही म्हणून पडते, हे अजून कुणी तपासलेलंच नाही, आणि 10 तास हा आकडा तर हवेतूनच आलेला दिसतो.

आधी महिनाभराच्या नोंदी एका तक्त्यात घ्या: संस्था, सकाळ की संध्याकाळ, मशीन, टेस्टर, दोन्हीकडचं फॅट आणि एसएनएफ. टेस्टर कुणीही असो, एखाद्या संस्थेचा फरक रोज तेवढाच येत असेल तर संशय मशीनच्या कॅलिब्रेशनवर (मोजमाप बरोबर लावून घेण्यावर) किंवा सूत्रावर घ्या. लॅक्टोमीटरच्या (दुधाची घनता मोजणाऱ्या नळीच्या) रीडिंगवरून एसएनएफ काढताना शेवटी जो स्थिरांक मिळवतात, तो एकीकडे 0.36 आणि दुसरीकडे 0.44 धरला असेल, तर 0.08 चा फरक कायमचा राहणार. कितीही कोर्स करा. टेस्टर बदलला की फरक बदलतो, तिथे हाताळणी बघायची. आणि फरक ठरावीक सभासदांच्याच नावावर पडत असेल, तर ते प्रशिक्षणाचं काम नव्हे. त्याचं काय करायचं ते मंडळाला चांगलं कळतं.

मग सात-आठ केंद्रं निवडा: तीन जास्त तफावतीची, तीन चांगली, बाकी मधली. चांगली केंद्रं वगळू नका, तिथे काय वेगळं करतात हेच तर कळायला हवं. संकलन सुरू व्हायच्या आधी पोचा, मशीन धुऊन होईपर्यंत थांबा आणि मध्ये बोलू नका. कॅनमधलं दूध ढवळलं का? स्थिर राहिलेल्या दुधात साय वर येते. न ढवळता वरच्यावर पळी बुडवली की फॅट जास्त लागतं. नुकत्याच ओतलेल्या फेसाळ दुधाचं सॅम्पल लगेच अल्ट्रासॉनिक मशीनला लावलं, तर हवेच्या बुडबुड्यांनी रीडिंग बिघडतं. शेवटचं सॅम्पल झाल्यावर मशीनमधून क्लीनिंगचं द्रावण फिरवलं, की नुसतं पाणी?

यानंतरची चाचणी सर्वांत मोलाची. एकच दूध नीट ढवळून तीन बाटल्यांत भरा, बाटल्यांवर वेगवेगळे क्रमांक घाला आणि गर्दी ओसरल्यावर टेस्टरला मोजायला द्या. तिन्ही आकडे जुळले आणि डॉकच्या प्रयोगशाळेशीही मिळाले, तर त्या माणसाला काम येतं. सकाळच्या रांगेत तो ढवळत नाही, कारण वजन, टेस्टिंग आणि पावती हे सगळं त्याच्या एकट्याच्या गळ्यात आहे. त्याला कोर्स नको, हाताखाली माणूस हवा. आकडे निवांतपणीही जुळले नाहीत, तर आधी तेच दूध तुमच्या माणसाकडून त्याच मशीनवर मोजून घ्या. त्याचे जुळले, तरच टेस्टरच्या प्रशिक्षणाची गरज धरायची.

इतकी चाळण लावल्यावर 10 तासांतलं फारसं उरत नाही. सॅम्पल घेणं, मशीनची सफाई, चुकीचं रीडिंग ओळखणं, एवढ्यासाठी चार-पाच मिनिटांचे मोजके व्हिडिओ पुरतात. आम्ल घालून फॅट मोजण्याची गर्बर पद्धत मात्र नुसत्या व्हिडिओवर सोपवू नका. 10 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाइल अल्कोहोल: हा हात शेजारी उभं राहूनच बसवावा लागतो.

जाता जाता हेही टिपा: स्मार्टफोन टेस्टरचा स्वतःचा आहे की घरातल्या मुलाचा, केंद्रावर रेंज आहे का, दुपारी तो मोकळा असतो की शेतात.

प्रश्न : आम्ही मोबाइलवर फॉर्म पाठवला होता. 'प्रशिक्षण हवे का?' याला जवळपास सगळ्यांनी 'हो' केलं. मग गरज सिद्ध झाली ना?

उत्तर : नाही. संघाकडून आलेल्या फॉर्मवर 'नको' कोण लिहील? घडलेलं विचारा: 'मशीनने शेवटचा एरर कधी दाखवला? त्या वेळी काय केलंत? उरलेल्या सभासदांचं दूध कसं घेतलंत?' मशीन धुण्याचा क्रम विचारण्यापेक्षा धुऊन दाखवायला सांगा. आणि उत्तरांवरून कुणाचा पगार किंवा जागा हलणार नाही, हे संस्थेच्या सचिवांसमोर आधीच सांगून टाका. नाहीतर सगळं आलबेल असल्याचीच उत्तरं येतील.

प्रश्न : एवढं करायला किती दिवस द्यावेत?

उत्तर : दोन माणसं असतील तर दोन ते तीन आठवडे धरा. लग्नसराई आणि सणाचे दिवस टाळा. निरीक्षणाचे कागद मात्र जपून ठेवा: कोर्सनंतर दोन महिन्यांनी त्याच केंद्रांवर, त्याच तक्त्यावर, तीच तीन बाटल्यांची चाचणी पुन्हा घ्यायची आहे.