आगळ झोंबतं ते नेमकं कुठे?

फोंड्याहून एक ताई विचारतात: आदोळीवर (विळीवर) बोट कापलं होतं, त्यावर सोलकढीचं आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, सांडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. जखमेला आंबट कळतं कसं?

ताई, कळतं ते तिथल्या नसेला. धड कातडीवरून आगळ ओघळलं तर काही होत नाही, पण कातडी फाटली की खालची नसेची टोकं उघडी पडतात आणि त्या टोकांवर बारीक बारीक दारं असतात, आयन चॅनल म्हणतात त्यांना. त्यातलं आम्लाचं खास दार म्हणजे एसिक, प्रोटीनचे तीन तुकडे एकत्र येऊन झालेलं. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट; रक्तासारखा तो ७.४ च्या आसपास असतो तोवर ते बंद. आंबट आलं म्हणजे प्रोटॉन, आम्लातले बारीक कण, वाढले, ते चॅनलच्या बाहेरच्या अंगाला चिकटतात, त्याचा आकार बदलतो, सोडियम आत घुसतं आणि नस मेंदूला कळवते, झोंबलं! पीएच १ ने उतरला की प्रोटॉन १० पट, एवढं लक्षात ठेवा. आगळात मीठही असतंच, त्याचाही वाटा धरा.

सोडियम आत घुसताना वाहणारा हा विजेचा करंट १९८० मध्ये कीव्हच्या शास्त्रज्ञांनी पकडला, पण आम्लाने उघडणाऱ्या चॅनलचं जीन ओळखायला १९९७ उजाडलं. करंट दिसतोय पण दार सापडत नाही, तरी माणसं मागे लागून राहिली, मला याचं फार अप्रूप वाटतं.

डिचोलीचा बारावीतला मुलगा: जिभेला आंबट लागतं तेपण एसिकमुळेच ना?

नाही रे. तिथे मुख्य दार ओटॉप-१, त्यातून प्रोटॉन स्वतःच आत जातो, हे २०१८ मध्ये कळलं. मिरचीचं दार तिसरंच, टीआरपीव्ही-१.

पेडण्याहून एक बाय: बाबांना देवळाच्या पायऱ्या चढताना छातीत दुखतं, थांबले की बरं वाटतं. ॲसिडिटी म्हणून गोळ्या घेतात. चालेल का?

बाय, नाही चालणार. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की आम्ल त्या स्नायूतच साचतं, पीएच ७ च्या जवळ येतो, लिंबाच्या रसापुढे हे काहीच नाही, पण उंदरांच्या हृदयाच्या नसांवर पाहिलंय की एसिक-३, एसिकचाच एक प्रकार, एवढ्यानेही उघडतं आणि रक्त कमी पडल्यावर स्नायूत सोबत साचणाऱ्या लॅक्टेट नावाच्या पदार्थामुळे आणखीच लवकर. पोटातलं आम्ल मारणारी गोळी या दुखण्याचं काहीच करत नाही. चढताना दुखणं आणि थांबलं की जाणं, हे ऐकून मला हृदयाचीच भीती वाटते. उद्या सकाळीच बाबांना बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, घेऊन जा, ईसीजी काढा. आणि बसूनही दुखणं थांबेना, घाम फुटला, तर लगेच १०८ लावायचा.