ज्येष्ठांसाठी 1950 च्या दशकावर आठवणींचा कार्यक्रम घेतेयस ना, मग हे वाच

अगं पहिली गोष्ट, ‘तुमच्या लहानपणाबद्दल सांगा’ असं मोघम विचारू नकोस, सगळे गप्प बसतात नाहीतर एकच काका अर्धा तास माइक सोडत नाहीत. हातात काहीतरी दे. मी एकदा जुनी नाणी नेली होती, एक आणा, दोन आणे आणि 1957 चा नवा पैसा. बस्स! 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले, म्हणजे आणा सव्वासहा पैशांचा, आता तो पाव पैसा दुकानदाराने कुणाच्या खिशात घातला यावर आमच्याकडे अशी काही जुंपली की चहा गार झाला.

इंदूरचे लोक असतील तर मिलचा भोंगा काढच, कोणाचं घड्याळ कुठल्या पाळीवर चालायचं ते आपोआप निघतं. आणि मध्यभारत, म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरचं तेव्हाचं राज्य! 1956 च्या नोव्हेंबरात ते जाऊन मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली, त्याचा राग काहींचा अजून आहे, येऊ दे.

ग्रुप सात-आठ जणांचाच ठेव, वेळ पाऊण तास. ऐकू कमी येणाऱ्यांना आपल्या शेजारी बसव. तारखा चुकल्या तर दुरुस्त करत बसू नकोस गं, परीक्षा नाहीये. कोणी रडलं तर घाईघाईने विषय बदलू नको, पाणी दे, थांब जरा, पण बोलायचं नसेल तर खोदून विचारायचं नाही.

हो, आणि पोहे शेवटी. आधी दिलेस की लक्ष सगळं शेवेकडे.