हापूस घरी ठेवा, मिशी जरा उतरवा: गालापागोसबद्दल वाचकांचे प्रश्न

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर पश्चिमेला, भर प्रशांत महासागरात गालापागोस ही ज्वालामुखीतून उभी राहिलेली बेटं आहेत. मुलाबाळांना घेऊन तिथं जहाजानं फिरायचं ठरवलेल्या किंवा नुसतंच मनात असलेल्या वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न: मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत. शाळेमुळे मे महिना किंवा दिवाळी एवढेच पर्याय आहेत. कधी जावं? आणि एजंट 'पश्चिम मार्ग की पूर्व मार्ग' असं विचारतो, त्याला काय सांगू? (राजारामपुरी)

मे. लहान मुलं बरोबर असतील तर यावर फार काथ्याकूट नको.

विषुववृत्तावरची बेटं म्हणजे बारमाही उकाडा, असा आपला समज असतो. पण तिथलं हवामान समुद्राचे प्रवाह ठरवतात. डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत पाणी साधारण २३ ते २७ अंश असतं, समुद्र शांत असतो आणि मधूनच एखादी जोरदार सर येऊन जाते. जूनपासून दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाहाचं गार पाणी येतं. मग पाणी १८ ते २२ अंशांवर उतरतं, आकाश भरून राहतं आणि 'गारुआ' नावाची बारीक भुरभुर सुरू होते. ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्र सगळ्यात खवळलेला असतो. दिवाळीपर्यंत तो निवळायला लागतो, पाणी मात्र गारच राहतं.

गार पाणी प्राण्यांना मानवतं. त्यात अन्न भरपूर असतं, पेंग्विन जोमात असतात आणि समुद्रसिंहांची पिल्लंही याच काळात दिसतात. म्हणून फक्त मोठ्यांची सहल असती तर दिवाळीलाही आम्ही हो म्हटलं असतं. पण तिसरीतलं पोर २० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटांत कुडकुडायला लागतं, एकदा घाबरलं की पुढचे चार दिवस पाण्यात पाय घालत नाही. मेमध्ये ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (पाण्यात ऊब धरणारा रबरी पोशाख) पुरतो, दिवाळीत ५ मिलिमीटरचा मागा. लहान मापाचा सूट आणि लहान मापाचं लाइफ जॅकेट बोटीवर आहे का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. 'मिळेल' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

आता मार्ग. एकाच ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे: कुठल्याही बोटीनं एका जागी १४ दिवसांच्या आत पुन्हा यायचं नाही. त्यामुळे प्रत्येक बोट साधारण १५ दिवसांचं एक मोठं रिंगण पुरं करते आणि कंपन्या त्याचेच ४, ५ किंवा ८ दिवसांचे तुकडे पाडून विकतात. म्हणजे तुम्ही तारीख निवडली की मार्ग आपोआप ठरला. बोटीच्या फोटोतलं जेवणाचं टेबल बघण्याआधी त्या तारखेचा दिवसवार कार्यक्रम मागवा.

पश्चिमेला इसाबेला आणि फर्नांदिना ही सगळ्यात तरुण बेटं. तिथं न उडणारा पाणकावळा, पेंग्विन, समुद्री घोरपडींचे ढीगच्या ढीग आणि ताजा काळा लाव्हा. पूर्व-दक्षिणेच्या मार्गावर सान क्रिस्तोबाल, एस्पान्योला आणि फ्लोरेयाना. एस्पान्योलावर अल्बट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी एप्रिल ते डिसेंबर असतात. मेमध्ये त्यांचं चोचीला चोच आपटून चालणारं प्रियाराधन आणि अंडी दोन्ही दिसण्याची शक्यता चांगली. निळ्या पायांच्या बूबी पक्ष्याचा नाचही साधारण याच सुमारास सुरू होतो. तुमच्या मुलांची वयं पाहता आमचं मत पूर्वेला. मुलाला ज्वालामुखीचं वेड असेल तरच पश्चिम घ्या.

'८ दिवस, ७ रात्री' यात पहिल्या दिवशी दुपारनंतर फिरणं सुरू होतं आणि शेवटच्या दिवशी सकाळीच संपतं. हातात पूर्ण दिवस सहाच. ४ दिवसांच्या तुकड्यात तर दोनच उरतात. एवढ्या लांब जाऊन तो घेऊ नका.

प्रश्न: आईचं वय ६८, गुडघे दुखतात. १६ जणांची बोट घ्यावी की १०० जणांचं जहाज? (शाहूपुरी)

१०० ही तिथल्या जहाजांची कमाल मर्यादा. मोठं जहाज कमी डोलतं, त्यावर सहसा डॉक्टर असतो आणि आजींना एखाद्या दिवशी उतरायचं नसेल तर बसायला ऐसपैस जागा असते. बेटावर मात्र दोन्हीकडे सारखंच, कारण एका गाइडमागे जास्तीत जास्त १६ माणसं हा नियम आहे. लहानच बोट हवी असेल तर जोडसांगाड्याची, म्हणजे कॅटमरान घ्या. एकसांगाडी बोटीपेक्षा ती कमी कलते.

खरी परीक्षा चढण्या-उतरण्याची. जहाज दूर नांगरतं आणि 'पांगा' नावाच्या रबरी होडीतून किनाऱ्यावर नेतात. कोरडं उतरणं म्हणजे होडीतून थेट खडकावर किंवा धक्क्यावर पाऊल. ओलं उतरणं म्हणजे गुडघाभर पाण्यात पाय सोडायचे. गुडघेदुखीवाल्यांना ओलं सोपं जातं, शेवाळलेल्या खडकावर जास्त माणसं घसरतात. दोन्ही हात मोकळे ठेवायचे आणि खलाशाचा पंजा न धरता मनगटाच्या वर, हाताला हात अडकवून धरायचं. ओल्या हाताचा पंजा निसटतो. बार्तोलोमे बेटाच्या टोकावर जायला पावणेचारशेच्या आसपास लाकडी पायऱ्या आहेत. त्या वेळात आजींना होडीतून किनाऱ्याकडेनं फिरवून आणता येईल का, हे गाइडला आदल्या रात्रीच विचारा.

प्रश्न: पिवळ्या तापाची लस खरंच लागते का? बेटांवर तो आजार नाही असं वाचलं. (उचगाव)

बेटांवर नाही हे बरोबर. पण भारत सरकार बेट बघत नाही, देश बघतं, आणि इक्वेडोर पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. एजंट जाताना लागणाऱ्या कागदांची यादी देतात, परतीच्या वेळी हा घोळ निघतो.

लसीचा एकच डोस असतो आणि प्रमाणपत्र दहाव्या दिवसानंतर ग्राह्य धरतात, पुढे आयुष्यभर चालतं. गल्लीतल्या दवाखान्यात ही लस मिळत नाही. सरकारनं नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, मुंबईत अशी केंद्रं आहेत. आधी वेळ घ्या, पासपोर्ट बरोबर न्या आणि प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेवर पासपोर्ट क्रमांक नीट उतरला आहे का हे तिथंच तपासा. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं यांत लस सहसा देत नाहीत. साठीनंतर गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून शाहूपुरीच्या आजींसारख्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोलायला हवं. डॉक्टरांचं सूटपत्र आणलं तरी विलगीकरण टळेलच असं धरून चालू नका.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. भडंग, कांदा-लसूण चटणी आणि मुलांसाठी पेटीतले चार आंबे नेले तर चालेल का? (कळंबा)

आंबे नाही. अर्धा नाही, फोडीही नाहीत. ताजी फळं, भाज्या, बिया, माती, फुलं, रोपं यांना बेटांवर बंदी आहे. कढीपत्ता, ओलं आलं, कच्ची कडधान्यं यांनाही हेच लागू. अंबाबाईच्या ओटीचा नारळ किंवा निर्माल्याचं फूल पर्समध्ये राहून गेलेलं असतं, तेही निघताना काढून ठेवा. बेटांकडे निघताना इक्वेडोरच्या मुख्य भूमीवरच्या किटो किंवा ग्वायाकिलच्या विमानतळावर बॅगा वेगळ्या यंत्रातून तपासतात आणि सीलबंद करतात. सोबत काय आहे याचं घोषणापत्र भरावं लागतं.

हा जाच वाटत असेल तर एक उदाहरण सांगतो. म्हैसूर रास्पबेरी म्हणून ओळखली जाणारी, मूळची आपल्या आशियातली एक काटेरी झुडपी वनस्पती तिथं गेली आणि सांताक्रूझ, सान क्रिस्तोबाल या बेटांच्या ओल्या डोंगरभागात तिनं स्थानिक झाडांना पार झाकून टाकलं. आपला साधा पेरूसुद्धा तिथं उपद्रवी झाड ठरला आहे. पक्षी आणि कासवं फळं खातात आणि बिया गावभर करतात. बुटाच्या तळाच्या खाचांत अडकलेली कुसळं आणि चिखलही त्याच रांगेतले, म्हणून कोल्हापुरातून निघण्याआधी बूट दात घासायच्या जुन्या ब्रशनं धुऊन वाळवा.

भडंग आणि चटणी कारखान्याच्या सीलबंद पाकिटातली, भाजलेली-दळलेली असेल तर ठेवा आणि फॉर्मवर लिहा. तपासनिसानं नको म्हटलं तर मुकाट्यानं देऊन टाका. घरच्या डब्यातली नेऊ नका. शाकाहाराचं बुकिंग करतानाच लेखी कळवा, आणि 'मासे आणि कोंबडीही नको' असं फोड करून लिहा, नाहीतर पहिल्या जेवणाला ताटात मासा येतो. इक्वेडोरच्या जेवणात भात, घेवड्याची किंवा मसुराची 'मेनेस्त्रा' ही दाटसर उसळ आणि कच्च्या केळ्याचे तळलेले 'पाताकोनेस' असतात, त्यामुळे उपाशी राहणार नाही. तिखट मात्र विसरा.

प्रश्न: मुलीला गाडी लागते. जहाजावर काय होईल? (गडहिंग्लज)

गगनबावड्याचा घाट उतरताना ती ओकत असेल तर तयारीनंच जा. डोळ्यांना खोली स्थिर दिसते, कानातला तोल मात्र हलतो आहे असं सांगतो, या भांडणातून मळमळ होते. म्हणून डेकवर बसून क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं आणि केबिनमध्ये मोबाइल बघितला की बिघडतं. केबिन खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची मागा. तिथं इंजिनाचा आवाज येतो आणि खिडकी बारकी असते, पण हलणं सगळ्यात कमी.

लांबचे टप्पे बहुधा रात्री जेवणानंतर असतात. ॲव्होमिनसारखी गोळी नांगर उचलण्याआधी तासभर घ्यायची असते. ओकारी सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही. तिनं गुंगी येते, त्यामुळे रात्री सोयीची आणि सकाळी पोहण्याआधी गैरसोयीची. मात्रा बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या आणि एक गोळी घरीच, घाटात, वापरून बघा. दोन वर्षांखालच्या मुलांना हे औषध देत नाहीत.

प्रश्न: पोहता येतं, विहिरीत शिकलोय. स्नॉर्केलिंगला वेगळी तयारी लागते का? (कसबा बावडा)

विहिरीत शिकलेल्याला पाण्याची भीती नसते, पण तोंड पाण्यात ठेवून नळीतून सावकाश श्वास घ्यायची सवयही नसते. तलावावर जाऊन सलग पंधरा मिनिटं, हात न मारता, पालथं तरंगत श्वास घ्यायचा सराव करा. तो जमला की झालं.

मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. इथं कोल्हापूरकरांची खास अडचण येते: भरघोस मिशी. केसांतून पाणी झिरपतं आणि मास्क दर दोन मिनिटांनी भरतो. नाकपुड्यांच्या लगेच खालची एक बारीक पट्टी वस्तऱ्यानं साफ केली की मास्कच्या सिलिकॉनच्या कडेला कातडी मिळते आणि मिशीचा रुबाबही फारसा जात नाही. व्हॅसलिन थापू नका, त्यानं सिलिकॉन खराब होतं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्याचा थर असतो, तो आतून साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं चोळून काढा, नाहीतर वाफ धरत राहील. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क इथूनच करून न्या.

प्राण्यांपासून २ मीटर अंतर, फ्लॅश बंद. समुद्रसिंहाचं पिल्लू स्वतःच जवळ आलं तर हात जवळ घेऊन स्थिर राहायचं. वाळूवर गुरगुरणारा मोठा नर दिसला तर लांबून वळसा.

प्रश्न: बोटीच्या भाड्याव्यतिरिक्त किती पैसे लागतात? (इचलकरंजी)

१ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रवाशाला उद्यानाचं शुल्क २०० डॉलर आहे, १२ वर्षांखालच्या मुलाला १००. शिवाय विमानतळावर मिळणारं प्रवासी कार्ड माणशी २० डॉलर. आई-बाबा, १४ वर्षांचा मुलगा आणि ८ वर्षांची मुलगी धरून ७०० अधिक ८०, म्हणजे ७८०. रोख आणि न फाटलेल्या नोटा न्या. इक्वेडोरचं चलन अमेरिकन डॉलरच आहे, पण दुकानात ५० आणि १०० ची नोट बरेचदा घेत नाहीत, म्हणून ५, १० आणि २० च्या नोटा जास्त ठेवा. गाइड आणि खलाशांची बक्षिसीही रोखच देतात.

भारतीयांना इक्वेडोरचा व्हिसा लागतो. विमान अमेरिकेत बदलणार असाल तर नुसतं बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपात काही देश विमानतळापुरता वेगळा व्हिसा मागतात, तेव्हा तिकिटाआधी मार्ग तपासा. ग्वायाकिल किंवा किटोला किमान एक रात्र राखा, कारण बाल्ट्राचं, म्हणजे बेटांवरच्या विमानतळाचं विमान चुकलं तर बोट थांबत नाही. किटो २८५० मीटर उंचीवर आहे, धाप लागते. मुलं आणि वयस्कर बरोबर असतील तर समुद्रसपाटीवरचं ग्वायाकिल बरं.

प्रश्न: मुलाला उसळता लाव्हा बघायचाय. आणि एक दगड आणायचाय. (पन्हाळा)

दगड नाही. शिंपला, वाळू, काहीही उचलायला बंदी आहे. उद्रेकही वेळापत्रकानं होत नाहीत: इसाबेलावरचा वोल्फ ज्वालामुखी जानेवारी २०२२ मध्ये फुटला, फर्नांदिना मार्च २०२४ मध्ये. त्या भरवशावर जाऊ नका. पण सांतियागो बेटावरच्या सलिव्हन उपसागरात शंभराहून थोड्या जास्त वर्षांचा लाव्हा आहे. दोरखंड पिळून ठेवावेत तशा त्याच्या घड्या पडल्या आहेत आणि त्यावरून चालता येतं. जाड तळव्याचे बंद बूट घाला, कडा काचेसारख्या कापतात.

आणि पन्हाळ्याच्या मुलाला दगडासाठी इतक्या लांब का जायचंय? गडावरचा जांभा सोडून खालच्या कड्यातला काळा पाषाण बघा. तोही थिजलेला लाव्हाच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. गालापागोसची आजची बेटं जास्तीत जास्त ३०-४० लाख वर्षांची. खोलातून वर येणारा तप्त खडकाचा झोत जागच्या जागी आणि वरचं नाझ्का भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा) पूर्वेकडे सरकतंय, म्हणून पूर्वेची बेटं म्हातारी आणि झिजलेली, पश्चिमेची कोवळी. मुलाला जाण्याआधी हे नकाशावर दाखवा, तिथं बेटामागून बेट बघताना तो स्वतःच वय ओळखायला लागेल.

प्रश्न: एवढा खर्च झेपणार नाही. भारतात असं काही? (जयसिंगपूर)

अंदमानातलं बॅरन बेट. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजयपुरम) ईशान्येला साधारण १४० किलोमीटरवर. बेटावर उतरू देत नाहीत, बोटीतूनच बघायचं, आणि त्यासाठीही परवानगी लागते. फेऱ्या नियमित नसतात, म्हणून आधी फेरी पक्की करा, मग विमानाचं तिकीट. पावसाळा टाळा. दुर्बीण ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरेल.