एकाचा गळा पांढरट, दुसऱ्याच्या छातीवर काळी पट्टी: ही शिंजिरांची जोडी आहे का?

आपण विचारले आहे की, ऑक्टोबरपासून जास्वंदीवर येणाऱ्या पिवळ्या पोटाच्या दोन चिमुकल्या पक्ष्यांपैकी एकाचा गळा पांढरट आहे आणि दुसऱ्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत उभी काळी पट्टी आहे, तर ही नर-मादीची जोडी समजावी का. आपल्या वर्णनावरून माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पांढरट गळ्याची ती जांभळ्या पुठ्ठ्याच्या (पुठ्ठा म्हणजे शेपटीलगतचा पाठीचा भाग) शिंजिराची मादी असावी आणि काळ्या पट्टीचा तो जांभळ्या शिंजिराचा नर, तोही विणीचा हंगाम आटोपल्यावर भरजरी पिसे टाकून साध्या पिसाऱ्यात आलेला. दोघेही जेमतेम दहा सेंटिमीटरचे, दोघांची चोच बाकदार आणि दोघेही एकाच फुलावर येणारे, त्यामुळे त्यांना जोडी समजणे अगदी स्वाभाविक आहे. मी स्वतः एक पूर्ण हिवाळा माझ्या टिपणवहीत अशाच दोन पक्ष्यांपुढे ‘जोडी’ असे लिहीत होतो.

घोटाळ्याचे एक कारण नावांतच आहे. एक पर्पल सनबर्ड आणि दुसरा पर्पल-रम्प्ड सनबर्ड. पूर्वी या दोन जातींना एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) गणत असत, आता जांभळा शिंजीर सिन्निरिस प्रजातीत आणि दुसरा लेप्टोकोमा प्रजातीत धरला जातो. ज्या जांभळ्या पुठ्ठ्यावरून दुसऱ्याला नाव मिळाले, तो पक्षी बसलेला असताना पंखांखाली झाकलेला असतो, आणि मादीला तर तो जांभळा रंग नसतोच. त्यामुळे नावाच्या आधारे ओळख पटवायला जाऊ नये. विणीच्या हंगामातील नरांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही: जांभळ्या शिंजिराचा नर सावलीत सरळ काळाच दिसतो आणि ऊन पडले की निळा-जांभळा झळकतो, तर दुसऱ्याचा नर पाठीवर गडद तांबूस, छातीवर तसाच पट्टा आणि त्याखाली लख्ख पिवळा असतो. त्यांची गल्लत सहसा होत नाही.

गल्लत होते ती साध्या रंगाच्या पक्ष्यांची, आणि तेथे माझा सारा भर गळ्यावर असतो. जांभळ्या पुठ्ठ्याच्या शिंजिराच्या मादीचा गळा राखट पांढरा असतो आणि पिवळा रंग छातीपासून सुरू होतो. पक्षी समोरून दिसला तर पांढरा कुठे संपतो आणि पिवळा कुठे लागतो हे नुसत्या डोळ्यांनीही कळते. पोटाच्या दोन्ही कडाही फिकट, पांढुरक्या असतात, म्हणून पिवळा रंग मधोमध ओतल्यासारखा वाटतो. जांभळ्या शिंजिराच्या मादीचा पिवळा मात्र चोचीखालीच सुरू होतो आणि मध्ये कुठेही न तुटता खाली उतरत जातो. तिच्या डोळ्यावर फिकट भुवई आणि डोळ्यातून जाणारी काळसर रेघ असते, त्यामुळे चेहरा जरा रेखीव दिसतो. दुसरीची भुवई पुसट असते. जांभळ्या पुठ्ठ्याच्या शिंजिराचे डोळे बऱ्याचदा तांबूस असतात, पण हे लक्षण दुर्बिणीतून आणि चांगल्या उजेडातच तपासावे.

एका गोष्टीने मात्र सावध राहावे. मध पिताना फुलातील पराग या पक्ष्यांच्या कपाळावर आणि गळ्यावर माखतात, आणि मग पांढरा गळा पिवळा किंवा नारिंगी भासू शकतो. एकदा एका मादीचा गळा मला पिवळाधमक दिसला आणि मी तिची जात चुकीची नोंदवली. थोड्या वेळाने तिने फांदीला चोच घासून पिसे साफ केली, तेव्हा खालचा राखट पांढरा उघडा पडला. म्हणून गळा एकदाच पाहून निर्णय करू नये, दोन-तीन भेटींत पाहावा.

आता त्या काळ्या पट्टीविषयी. जांभळ्या शिंजिराचा नर विणीनंतर मादीसारखा दिसू लागतो, परंतु हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टी उरते आणि खांद्याजवळ थोडी निळसर चमकही राहते. त्याच जातीच्या वयात येणाऱ्या नरालाही अशी पट्टी असते, त्यामुळे पक्ष्याचे वय केवळ पट्टीवरून सांगू नये. जांभळ्या पुठ्ठ्याच्या शिंजिराचा नर असा पिसारा बदलत नाही, तो वर्षभर रंगीतच असतो. म्हणूनच ही पट्टी मला सर्वांत भरवशाची खूण वाटते: ती दिसली की जांभळ्या पुठ्ठ्याचा शिंजीर बाद होतो. चोच डोक्याच्या मानाने फारच लांब आणि कोयत्यासारखी वळलेली असेल, तर मात्र लोटनचा शिंजीर या तिसऱ्या जातीचाही विचार करावा लागेल.

पक्षी पानांआड गेला तर आवाज कामी येतो. जांभळा शिंजीर शेवटी वर चढणारा, चाबकासारखा ‘च्वीट’ असा साद घालतो आणि त्याचा नर उंच, उघड्या फांदीवर बसून भरभर गातो. दुसऱ्याचा आवाज बारीक, ‘त्सी-त्सी’ असा, आणि मध्येच ‘टिट्यू-टिट्यू-ट्रर्र’ अशी किलबिल असते.

पट्टीवाला पक्षी आपल्याकडे टिकून राहिला, तर त्याची नोंद ठेवावी अशी माझी विनंती आहे. हिवाळा सरता सरता त्याच्या अंगावर काळे, चमकदार ठिपके उमटू लागतील, काही दिवस तो ठिगळे लावल्यासारखा दिसेल, आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्याच जास्वंदीवर आपल्याला गडद जांभळा नर दिसेल.