इंग्रजीत इन, ऑन, ॲट, सिन्स, बाय यांतलं नेमकं कुठलं घालायचं, हे कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की चिकोडी तालुक्यात दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलात, आता नोकरीचे अर्ज इंग्रजीत करावे लागतात आणि दर वाक्याला हे छोटे शब्द अडवतात. पाठ करायला एखादी यादी आहे का, असंही विचारलंय. याद्या पुष्कळ मिळतील. मीही एक पाठ केली होती, तरी ऐन कामात चुकलो.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग (कास्टिंग्ज) बनवायच्या कारखान्यात, डिस्पॅच म्हणजे माल पाठवायचं काम बघतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी चेन्नईच्या ग्राहकाला मेल केला : ‘वी विल डिस्पॅच द कास्टिंग्ज टिल सॅटर्डे.’ शनिवारपर्यंत माल पाठवतो, एवढंच मला सांगायचं होतं. तिकडून फोन आला, की शनिवारपर्यंत रोज गाडी येणार का, उतरवून घ्यायला रोज माणसं ठेवायची का? मला काही उमगेना. मग साहेबांनी समजावलं, ते आजही लक्षात आहे. ‘शनिवारपर्यंत थांब’ म्हटलं की थांबणं शनिवार येईतो चालूच राहतं. तिथे टिल किंवा अनटिल. ‘शनिवारपर्यंत पाठव’ म्हटलं की काम एकदाच होतं आणि शनिवार ही त्याची शेवटची मुदत असते, तिथे बाय. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च.

तुमच्या अडचणीचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. आपला एक प्रत्यय दोन-तीन कामं करतो आणि इंग्रजी प्रत्येक कामाला वेगळा शब्द लावते. म्हणून प्रत्यय बघून शब्द शोधू नका, त्या वाक्यात प्रत्यय काय काम करतोय ते आधी विचारा.

‘ला’ घ्या. बेळगावला जातो, बेळगावला राहतो, बेळगावला उतरतो. तिन्हीकडे ‘ला’. पण जाण्याला दिशा आहे, म्हणून गो टु बेळगाव. राहणं गावाच्या आत आहे, म्हणून लिव्ह इन बेळगाव. उतरताना गाव हा वाटेवरचा एक थांबा आहे, म्हणून गेट ऑफ ॲट बेळगाव. इथे तुमच्या कानावरचं कन्नड उपयोगी पडेल. शेजारी ‘बेळगाविगे’ म्हणाले तर जायचं आहे आणि ‘बेळगाव्याग’ म्हणाले तर तिथेच आहेत, हे आपल्याला विचार न करता कळतं. टु आणि इन यांच्यातला फरक तोच. सीमाभागातल्या मुलांना हा फरक आयता मिळालेला असतो, पण वर्गात कुणी तो दाखवून देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मात्र ‘पासून’च्या बाबतीत कन्नडही आपल्यासारखंच. आपण ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘2019 पासून’ एकाच दमात म्हणतो, कन्नड बोलणारे ‘ऐदु वर्षदिंद’ (पाच वर्षांपासून) म्हणतात. म्हणूनच आपल्या भागात मराठी असो की कन्नड, अर्जात हमखास येतं : ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ सिन्सनंतर सुरुवातीचा क्षण लागतो : सिन्स 2019, सिन्स मंडे, सिन्स माय मॅरेज. किती काळ हे मोजून सांगायचं असेल तर फॉर : फॉर फाइव्ह इयर्स. आणि काम अजून चालू असेल तर क्रियापदही बदलावं लागतं : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ अर्जातलं हे एक वाक्य आजच दुरुस्त करा, कारण वाचणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

आता इन, ऑन, ॲट. व्याख्या पाठ करण्यापेक्षा नकाशा डोळ्यांसमोर आणा. निपाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आहे. महामार्ग ही रेघ आणि गाव त्या रेघेला लागून, म्हणून निपाणी इज ऑन द हायवे. खानापूर मलप्रभेच्या काठी, तेही ऑन द मलप्रभा. नदीला इन लावलंत तर गाव पाण्यात जाईल. बस निपाणीला थांबते, तेव्हा निपाणी नकाशावरचा ठिपका झाली : द बस स्टॉप्स ॲट निपाणी. पण माझी आत्या निपाणीत राहते, तेव्हा गावाला आतली जागा आली, गल्ल्या आल्या : शी लिव्ह्ज इन निपाणी. गाव तेच, शब्द तीन. गाव मोठं की लहान यावर काही ठरत नाही. बोलणारा त्याच्याकडे ठिपका म्हणून बघतो, रेघेवरचं ठिकाण म्हणून बघतो, की आत शिरून बघतो, त्यावर ठरतं.

वाहनांचं तसंच. बसमध्ये किंवा रेल्वेत उभं राहून चार पावलं टाकता येतात, तिथे ऑन द बस, ऑन द ट्रेन. कारमध्ये किंवा रिक्षात वाकून शिरावं लागतं, तिथे इन. मोटारसायकलवर बसतो, म्हणून ऑन. ‘बसने आलो’ म्हणताना बाय बस, पण ‘वडिलांच्या मोटारसायकलवरून आलो’ म्हणताना ऑन माय फादर्स बाइक. वाहन कुणाचं ते सांगितलं की बाय चालत नाही. आणि ‘पेनाने लिहिलं’ मधला ‘ने’ हत्यार दाखवतो, म्हणून विथ अ पेन.

वेळेचं सोपं आहे. घड्याळाला ॲट, दिवसाला आणि तारखेला ऑन, महिन्याला आणि वर्षाला इन. सकाळी म्हणजे इन द मॉर्निंग, पण सोमवारी सकाळी म्हटलं की ऑन मंडे मॉर्निंग, कारण दिवसाचं नाव आलं. रात्रीला ॲट नाइट. लास्ट संडे, नेक्स्ट मंथ यांच्या आधी काहीच नको.

एवढं करूनही एक ढीग उरतो. तिथे चित्र चालत नाही, ते शब्द क्रियापदाशी किंवा विशेषणाशी बांधलेले असतात. आपण कुत्र्याला भितो, इंग्रजीत अफ्रेड ऑफ. आपण कुणाशी लग्न करतो, इंग्रजीत मॅरीड टु, विथ नव्हे. चहापेक्षा कॉफी आवडते, पण प्रिफर कॉफी टु टी; तिथे दॅन नको. यांना तर्क लावत बसू नका, क्रियापद शिकतानाच जोडी शिका. माझ्या वहीत ‘वेट’ असा शब्द नाही, ‘वेट फॉर द बस’ असं वाक्य आहे.

आपण ‘दराविषयी चर्चा केली’ म्हणतो म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट द रेट’ लिहून जातो. डिस्कसमध्ये ‘विषयी’ आधीच आहे, वी डिस्कस्ड द रेट एवढंच पुरे. पण नाम केलं की तो शब्द परत येतो : अ डिस्कशन अबाउट द रेट. रिक्वेस्टचंही असंच. अर्जाच्या शेवटी ‘आय रिक्वेस्ट टु यू’ लिहीत असाल तर त्यातला टु काढा : आय रिक्वेस्ट यू टु कन्सिडर माय ॲप्लिकेशन. पुढचा टु तसाच राहू द्या, तो कन्सिडरचा आहे.